बोट लागू नये म्हणून: लक्षद्वीपला निघालेल्या परभणीच्या आठ जणांसाठी

तुम्ही कळवलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावरच उभे आहे. जानेवारीत तुम्ही परभणीहून निघून कोचीला पोहोचणार आहात आणि तेथून जहाजाने लक्षद्वीपमधील कवरत्तीला जाणार आहात. सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत, त्यांना रक्तदाब व प्रोस्टेटची गोळी चालू आहे. ६३ वर्षांच्या आईला मधुमेह आहे, पत्नीला अर्धशिशीचा त्रास आहे, मुलगी ८ वर्षांची व मुलगा दीड वर्षाचा आहे, आणि धाकट्या भावाबरोबर चार महिन्यांची गरोदर भावजय आहे. कन्नडच्या घाटात पत्नीला आणि मुलीला दरवेळी गाडी लागते, म्हणून घरात बेत रद्द करण्याची भाषा सुरू झाली आहे. तुम्ही विचारता की बोट लागू नये, म्हणजे जहाजाच्या हेलकाव्यांनी मळमळ-उलट्या होऊ नयेत, म्हणून सगळ्यांना एकच गोळी द्यावी का, केबिन कोणती घ्यावी, आणि जावे की जाऊ नये.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जरूर जा. भावजयीने मात्र आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी, आणि गरोदर प्रवाशांसाठी जहाजाचे काही नियम आहेत का हे तिकीट काढतानाच विचारून ठेवावे. एकच गोळी सगळ्यांना देण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. तुमच्या आठ जणांत असे किमान तिघे आहेत की ज्यांना ती गोळी बोट लागण्यापेक्षा जास्त महागात पडू शकते.

मी अंबाजोगाईत गेली २७ वर्षे दवाखाना चालवतो आणि त्याआधी तीन वर्षे जहाजांवर वैद्यकीय अधिकारी होतो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आणि पहिल्याच खेपेत, ज्यांना तपासायचे त्या प्रवाशांच्या आधी मीच आडवा झालो. निघण्यापूर्वी बंदराजवळच्या दुकानातून मी हायोसिन मागून घेतली होती. मळमळीवर उपयोगी पडते ती हायोसिन हायड्रोब्रोमाइड, आणि माझ्या हातात आली ती पोटात मुरडा आल्यावर देतात ती हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड, जी मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. पाकिटावरचा दुसरा शब्द न वाचण्याची चूक माझीच होती. ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की, बोट लागण्याच्या बाबतीत नुसते ‘उलटीचे औषध’ असे काही नसते. कोणते औषध, कोणाला आणि किती वाजता, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते लागू पडते.

बोट लागणे आणि गाडी लागणे ही दुखणी एकच आहेत आणि त्यांचे मूळ पोटात नसून कानात आहे. आपल्या अंतःकर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या बाजूला फिरले ते ओळखतात, आणि चुन्याचे सूक्ष्म कण असलेल्या दोन पिशव्या शरीर वर गेले की खाली, पुढे गेले की मागे, याची खबर देतात. बंद केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे मेंदूला सांगतात की समोरची भिंत जागची हललेली नाही, आणि त्याच क्षणी कान सांगतो की आपण वर जाऊन खाली येत आहोत. दोन साक्षीदारांची साक्ष अशी तासन्‌तास जुळेनाशी झाली की मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळाचा शेवट उलटीत होतो. कानाचा हा वाटा किती मोठा आहे, हे दाखवणारा एक प्रयोग १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. अंतराळप्रवासाची तयारी म्हणून गॅलॉडेट कॉलेजमधील ११ कर्णबधिर पुरुषांना नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात फेरीबोटीने नेण्यात आले होते. त्यांच्यापैकी १० जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूच्या आवरणाच्या दाहामुळे गेली होती आणि तोलाची यंत्रणाही त्यातच निकामी झाली होती. ते अकरा जण निवांत पत्ते खेळत बसले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेले संशोधकच इतके बेजार झाले की प्रयोग आटोपता घ्यावा लागला.

या यंत्रणेला सर्वांत जास्त छळतो तो संथ हेलकावा. साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणे ही चाल तिला सर्वांत असह्य असते, आणि मोठ्या लाटेवर जहाज नेमके तसेच डोलते. आपल्याकडच्या रस्त्यांवरचे खड्डे हाडे खिळखिळी करतात, पण त्यांचे हादरे जलद असल्याने मळमळ फारशी होत नाही. उलट्या होतात त्या घाटातल्या संथ वळणांवर. त्यामुळे ‘मला एसटीत काही होत नाही’ या अनुभवावर फार विसंबू नका. तो अनुभव परभणी ते जिंतूर अशा सरळ रस्त्याचा असेल तर त्यावरून समुद्राचा अंदाज बांधता येत नाही. नागपंचमीच्या झोक्यावर किंवा माळेगावच्या यात्रेतल्या पाळण्यात कोणाला गरगरते, हे आठवून पाहा. ती यादी जास्त खरी ठरते.

दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो. त्यानंतर तो वाढतो, शाळकरी वयात सर्वाधिक असतो आणि मोठेपणी, विशेषतः उतारवयात, कमी होत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो आणि गरोदरपणात व पाळीच्या दिवसांत आणखी वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांना तर तो इतरांपेक्षा जास्त गाठतो. म्हणजे तुमच्या घरात खरी जोखीम पत्नी, मुलगी आणि भावजय या तिघींना आहे. तुम्हाला सर्वांत जास्त काळजी आई-वडिलांची वाटते आहे, पण त्यांना बोट लागण्याची शक्यता त्यामानाने कमी आहे. त्यांची काळजी वेगळ्या कारणासाठी घ्यायची आहे आणि ते कारण पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. बोट लागू नये म्हणून जे करायचे ते जहाजावर पाय ठेवण्यापूर्वीच करावे लागते. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते आणि त्यातले अन्न पुढे सरकेनासे होते. अशा वेळी गिळलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. जहाजावरच्या तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या बहुतेकांची तक्रार ‘गोळी घेतली, पण उपयोग झाला नाही’ अशीच असे, आणि गोळी केव्हा घेतली असे विचारले की ‘त्रास व्हायला लागल्यावर’ हे उत्तर ठरलेले असे.

दुसरी चूक औषधाच्या निवडीत होते. आपल्याकडे घरोघरी ओंडान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन या गोळ्या ठेवलेल्या असतात. जुलाब-उलट्यांच्या साथीत किंवा शस्त्रक्रियेनंतर ओंडान्सेट्रॉन फार चांगले काम करते, पण कानातून उठणारी मळमळ ज्या वाटेने मेंदूत जाते ती वाट ही दोन्ही औषधे अडवत नाहीत. ती वाट अडवतात ती ॲलर्जीवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या औषधांच्या कुळातील औषधे, म्हणजे प्रोमेथाझिन, सिनॅरिझिन, डायमेनहायड्रिनेट आणि मेक्लिझिन. त्याच कुळातील नवी, झोप न आणणारी सर्दीची औषधे येथे कुचकामी आहेत. हायोसिन हायड्रोब्रोमाइडची कानामागे चिकटवण्याची पट्टीही असते, ती किमान चार तास आधी लावावी लागते आणि ७२ तास चालते, पण आपल्या भागातील दुकानांत ती सहसा दिसत नाही, म्हणून तिच्या शोधात वेळ घालवू नका.

आता एकेकाचे पाहू. पुढे दिलेली मात्रा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या चिठ्ठीनेच औषध घ्या, कारण चालू असलेल्या बाकीच्या गोळ्या त्यांना ठाऊक आहेत.

पत्नीसाठी प्रोमेथाझिन थिओक्लेट, जे अव्होमिन या नावाने मिळते, त्याची २५ मिलिग्रॅमची एक गोळी प्रवासाच्या आदल्या रात्री झोपताना आणि एक जहाजावरच्या रात्री झोपताना, ही लांबच्या प्रवासाची रूढ पद्धत आहे. हिने झोप आणि तोंडाला कोरड येते, पण रात्रीच्या प्रवासात झोप आली तर बरेच. सिनॅरिझिन घ्यायचे ठरले तर ते जहाज सुटण्याच्या दोन तास आधी सुरू करून आठ-आठ तासांनी घ्यावे लागते. दोन्हींपैकी एकच निवडायचे, दोन्ही मिळून नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम विचारून घ्या. अर्धशिशी रोखण्यासाठी पत्नीला फ्लुनारिझिन चालू आहे का? ते सिनॅरिझिनचे सख्खे भावंड आहे, आणि चालू असेल तर वर सिनॅरिझिन देऊ नये. पत्नी मुलाला अजून अंगावर पाजत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण झोप आणणारे औषध दुधातून थोड्या प्रमाणात बाळापर्यंत पोहोचते.

मुलीला तेच प्रोमेथाझिन अर्ध्या मात्रेत, म्हणजे १२.५ मिलिग्रॅम, आदल्या रात्री देता येते. ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी हीच मात्रा रूढ आहे, तरी वजन पाहून ती ठरवून घ्यावी. मात्र एखाद्या मुलाला या औषधाने झोप येण्याऐवजी उलट चेव चढतो आणि ते रात्रभर उड्या मारते. म्हणून निघण्याच्या पंधरवडाभर आधी, एखाद्या शनिवारी रात्री, घरीच एकदा देऊन पाहा. मोठ्यांनीही ही रंगीत तालीम करावी. कोणाला सकाळपर्यंत गुंगी राहते, कोणाचे तोंड कोरडे पडते, हे परभणीत कळलेले बरे.

दीड वर्षाच्या मुलाला कोणतेही औषध देऊ नका. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालील मुलांना वर्ज्यच आहे, कारण त्याने श्वास मंदावून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ‘थोडेसे सरबत, म्हणजे प्रवासात झोपेल’ असा सल्ला देणारी मंडळी प्रत्येक घरात असतात आणि त्यांचे याबाबत काहीही ऐकू नये. या वयात बोट सहसा लागत नाही. मूल उलट्या करू लागलेच तर बोट लागली असे गृहीत न धरता ताप, जुलाब किंवा बाहेरच्या दुधाचा दोष यांचा विचार आधी करावा.

भावजयीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ बहुधा डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्रित गोळी सुचवतील. गरोदरपणातील उलट्यांसाठी ती मोठ्या प्रमाणात वापरली जाते आणि तिच्यातले डॉक्सिलामिन वर सांगितलेल्या कुळातलेच आहे. ती आधीपासून चालू असेल तर वर दुसरी कोणतीही गोळी चढवू नये.

वडिलांना औषध नको, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सगळे औषधी कूळ मूत्राशय सैल पाडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकवू शकते. समुद्रात, रात्री दोन वाजता लघवी तुंबणे म्हणजे काय असते हे मी पाहिले आहे आणि त्यापुढे चार उलट्या काहीच नाहीत. शिवाय प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो, त्यात गुंगीची भर पडली आणि पायाखालची जमीन डोलत असली की पडून खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. काचबिंदू असलेल्यांनीही ही औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, तेव्हा आई-वडिलांचे डोळे तपासले नसतील तर निघण्यापूर्वी तपासून घ्या.

आईच्या बाबतीत प्रश्न मधुमेहाच्या गोळ्यांचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण पोटात टिकले नाही तर साखर धोकादायक रीतीने उतरते, आणि तिची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर आणि डोके गरगरणे, बोट लागण्यासारखीच असल्याने ती ओळखूच येत नाहीत. म्हणून साखर मोजण्याचे यंत्र हातातल्या पिशवीत असू द्या, सामानात नको. आईंना मळमळ दिसली की साखर मोजा, आणि ती ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी चालू असेल तर उलट्या होत असताना ती थांबवावी लागते. कोणती गोळी केव्हा चुकवायची आणि कोणती चुकवायची नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन चालू असेल तर ते मनाने पूर्ण बंद कधीच करू नये.

तुम्ही आणि तुमचे बंधू यांच्यापैकी एकाने कोणतेही गुंगीचे औषध न घेता पूर्ण सावध राहावे. लहान मूल, डोलणारे जहाज आणि भोवती सगळी मोठी माणसे पेंगलेली, हे चित्र मला कोणत्याही उलटीपेक्षा भयंकर वाटते.

आता समुद्राकडे वळू. जानेवारी तुम्ही चांगला निवडला आहे. अरबी समुद्र नैर्ऋत्य मोसमी पावसात, जून ते सप्टेंबर, खवळलेला असतो, आणि लक्षद्वीपच्या पर्यटनाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. कोचीहून कवरत्ती सुमारे ४०० किलोमीटर आहे आणि कोणत्या बेटावर आधी थांबायचे त्याप्रमाणे जहाजाला १४ ते १८ तास लागतात. म्हणजे एक पूर्ण रात्र जहाजावर जाते, आणि ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे, कारण आडव्या, डोळे मिटलेल्या माणसाला बोट सर्वांत कमी लागते.

केबिन निवडताना जहाज म्हणजे लहान मुलांचा फळीचा झोका आहे असे समजा. टोकाला बसलेला सर्वांत उंच जातो आणि मधला जेमतेम हलतो. त्यामुळे पुढच्या टोकाची आणि वरच्या मजल्याची केबिन, जिला खिडकी असते आणि जिचे दरही जास्त असतात, ती तुमच्या पत्नीसाठी सर्वांत वाईट. लांबीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची, पाण्याच्या पातळीजवळची जागा मागा. तिला खिडकी नसली तरी चालेल, कारण तेथे फक्त झोपायचे आहे. इंजिनाच्या शेजारची मात्र टाळा, कारण डिझेलचा वास निम्मे काम बिघडवतो. वरचा बर्थ की खालचा, यावर वाद घालू नका. एवढ्याशा उंचीने मळमळीत फरक पडत नाही, पण उतरताना पाय घसरतो. वडील, भावजय आणि मुले खाली, एवढे पुरे.

कोचीला किमान एक दिवस आधी पोहोचा. रेल्वेतल्या जागरणानंतर तसेच धक्क्यावर जाऊन जहाजात चढणारी कुटुंबे हमखास आजारी पडतात. एक रात्र नीट झोप, एक गोळी वेळेवर आणि एक हलके जेवण, एवढ्यावर निम्मी लढाई जिंकली जाते.

जहाज बंदराच्या खाडीत असेपर्यंत पाणी शांत असते आणि सगळ्यांना वाटते की उगाचच घाबरलो. खुल्या समुद्रात शिरल्यावर हेलकावे सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपली मंडळी केबिनमध्ये वाकून पिशव्यांत काहीतरी शोधत असतात. खाली मान घालून पिशवीत पाहणे हा बोट लावून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. म्हणून टॉवेल, पाणी, कोरडे कपडे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल आणि औषधे एका छोट्या पिशवीत जहाज सुटण्यापूर्वीच बाहेर काढून ठेवा. सुटताना सगळे डेकवर, जहाजाच्या मध्याजवळ, जायच्या दिशेने तोंड करून बसा आणि दूरच्या क्षितिजाकडे पाहा. क्षितिज स्थिर असते आणि जहाज हलताना दिसते, त्यामुळे डोळ्यांची साक्ष कानाशी जुळते. अंधार पडला की क्षितिज दिसत नाही, तेव्हा डेकवर रेंगाळण्यात अर्थ नाही. सरळ खाली जाऊन उताणे पडा, डोके उशीत स्थिर ठेवा आणि डोळे मिटा. मुलीच्या हातात मोबाइल देऊ नका. भरसमुद्रात बहुतेक वेळ नेटवर्क नसतेच, पण आधी भरून घेतलेली चित्रफीतही तेवढीच घातक आहे. तिला गोष्टी सांगा, गाणी लावा.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण उलटी होईल म्हणून उपाशी निघतात, आणि काही जण घरचे संपवायचे म्हणून धपाटे, ठेचा आणि तळलेली शेव यांचा डबा बंदरातच उघडतात. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि तेल-तिखटानेही वाढते. निघण्याच्या दोन-तीन तास आधी साधा भात-वरण किंवा मऊ इडली खावी आणि पुढे दर दोन तासांनी थोडे थोडे कोरडे काही तोंडात टाकावे. ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, साधी बिस्किटे किंवा तूप न लावलेली दशमी चालते. साळीच्या लाह्या मात्र आठवणीने न्या. त्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून घोट-घोट पाजण्याची आजीची रीत उलट्यांमध्ये खरोखर सोसते. आईंच्या खाण्यात साखर मोजून, बाकीच्यांना राजगिऱ्याचा लाडू चालेल. धपाटे कवरत्तीच्या किनाऱ्यावर बसून खा, तेथे ते जास्त गोड लागतील. सिगारेट आणि दारू यांचा विषय तुमच्या घरात नसेल असे धरतो.

घरगुती उपायांपैकी आल्याच्या बाजूने थोडा पुरावा आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८० नौदल प्रशिक्षणार्थींवर खुल्या समुद्रात केलेल्या एका चाचणीत एक ग्रॅम आल्याच्या चूर्णाने उलट्या आणि थंड घाम कमी झाला, मळमळीत मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे सुंठ किंवा आलेपाक गोळीची जागा घेणार नाही, पण तुमच्या वडिलांसारख्या, गोळी न चालणाऱ्या माणसाला जरूर द्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारावे. भावजयीने आहारात असते तेवढेच आले घ्यावे. लिंबाची साल हुंगणे आणि तोंडात आवळासुपारी किंवा लवंग धरणे यांत अपाय नाही, आणि वास सुखावत असेल तर चांगलेच. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पोटाला वर्तमानपत्र गुंडाळण्याने कोणाला धीर येत असेल तर गुंडाळू द्या, पण गोळी त्याआधी दिलेली असू द्या.

इतके करूनही त्रास सुरू झाला तर तो जांभयांनी सुरू होतो. बडबड करणारी मुलगी एकाएकी गप्प होते, चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटते आणि कपाळावर थंड घाम येतो. उलटी यायला अजून दहा-वीस मिनिटे असतात आणि तीच कामाची वेळ असते. दिवस असेल तर मोकळ्या हवेत न्या, क्षितिजाकडे पाहायला सांगा, मानेवर ओला रुमाल ठेवा आणि संथ, मोजून श्वास घ्यायला लावा. रात्र असेल तर लगेच आडवे करा. उलटी होतेच आहे असे वाटले तर पिशवीत होऊ द्या, कठड्यावर वाकून नाही. अर्धवट शुद्धीतला माणूस कठड्यावरून तोल जाऊन पडू शकतो, आणि वाऱ्यामुळे जे होते ते मागे उभ्या असलेल्यांना विचारावे. पिशवी लगेच बांधून टाका, कारण एकाची उलटी पाहून आणि तिचा वास येऊन दुसऱ्याला होते.

एका उलटीनंतर पंधरा मिनिटे काही देऊ नका आणि मग जलसंजीवनी दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजा. पाकीट संपले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. चमचा चहाचा, पोह्याचा नाही.

प्रत्येक उलटी बोट लागल्याची नसते, हे मात्र ध्यानात असू द्या. वडिलांना किंवा आईंना मळमळीबरोबर छातीत भरून आले, जबडा किंवा हात दुखू लागला, तर ते हृदयाचे दुखणे समजून क्षणभरही न थांबता जहाजावरच्या डॉक्टरांना बोलवा. मधुमेही स्त्रियांत छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. उलटीत रक्त, आठ तास लघवी नाही, मूल उठवूनही नीट उठत नाही, भावजयीच्या पोटात कळा किंवा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तरी तसेच करा. जहाजावर पाऊल टाकताच डॉक्टरांची खोली कोठे आहे ते पाहून ठेवा, म्हणजे रात्री शोधाशोध होत नाही.

बेटाजवळ पोहोचल्यावर जहाज बरेचदा खोल पाण्यातच नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. उभे जहाज चालत्या जहाजापेक्षा जास्त झुलते आणि होडी त्याहून जास्त, तेव्हा रात्रभर बरी असलेली माणसे येथे उलटी करतात. उतरण्याच्या तासभर आधी दोन बिस्किटांहून जास्त काही खाऊ नका. वडिलांना खलाशांच्या हाती सोपवा, स्वतः धरून उतरवण्याचा हट्ट नको. लाट होडी वर आणते तो क्षण त्यांना बरोबर कळतो.

जहाजावर सलग दोन-तीन दिवस काढले की मेंदू त्या चालीला सरावतो, पण चार दिवस बेटावर राहिल्यावर तो सराव बराचसा ओसरतो. परतीच्या वेळी ‘येताना काही झाले नाही’ म्हणून गोळी टाळणारेच परतीला जास्त आजारी पडतात. पत्नी आणि मुलगी यांची गोळी परतीच्या आदल्या रात्री पुन्हा सुरू करा, आणि त्यासाठी गोळ्या परभणीहूनच दुप्पट घेऊन निघा. कोचीला उतरल्यावर एक-दोन दिवस जमीनच डोलते आहे असे वाटेल, अंघोळीच्या वेळी डोळे मिटल्यावर विशेष वाटेल. ते आपोआप जाते. त्या रात्री वडिलांना न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका आणि दाराबाहेर कोणीतरी उभे राहा.